नोंद पुसली म्हणून काम संपत नाही

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मत चांगलंच रुजलं आहे. प्रकल्पातल्या इश्यूंची यादी लांबली की ती निरुपयोगी होते, असं ते मत. हजारो उघड्या तक्रारी पाहून नवा माणूस बिचकतो, मेंटेनर खचतो, आणि जुन्या नोंदींपैकी बहुतेक आज लागूही नसतात. तेव्हा यादीची साफसफाई करावी. दोन महिने कोणी काही बोललं नाही तर ती गोष्ट कोणाला फारशी महत्त्वाची नाही असं धरावं आणि बॉटला ती बंद करू द्यावी. ज्याला खरी गरज असेल तो पुन्हा उघडेल. याला जोडून आणखी एक मुद्दा येतो. हे सगळे स्वयंसेवक आहेत, पगारी नोकर नव्हेत. राहिलेल्या कामांचा हिशेब घेऊन त्यांच्या मागे लागणं म्हणजे कंपन्यांतली कारकुनी मुक्त सॉफ्टवेअरच्या माथी मारणं.

असं म्हणणारे लोक आळशी नाहीत आणि बेजबाबदारही नाहीत. त्यांच्यातले अनेकजण नोकरी-संसार सांभाळून, रात्री जागून, आपण रोज वापरतो ती सॉफ्टवेअरं चालती ठेवतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जिथे कोणी कोणाचा साहेब नाही, हजेरी नाही, पगार नाही, तिथे राहिलेल्या कामाची नोंद हीच सगळ्यांच्या सामाईक मालकीची गोष्ट असते. काय राहिलं आहे, ते कोणापाशी अडलं आहे, का अडलं आहे, आणि ते होणारच नसेल तर तसं कोणी ठरवलं, एवढं त्या नोंदीतून कोणालाही कळलं पाहिजे. कंपनीत हे सारं मॅनेजरच्या डोक्यात असलं तरी भागतं. इथे ते उघड्यावर नसेल तर कुठेच नसतं.

आधी हा बॉट काय करतो ते पाहू. गिटहबनं स्वतःच पुरवलेली 'स्टेल' नावाची ॲक्शन आहे. तिच्यात काहीही न बदलता ती लावली तर ६० दिवस हालचाल नसलेल्या इश्यूवर ती तसं लेबल लावते आणि पुढच्या ७ दिवसांत कोणी काही लिहिलं नाही तर इश्यू बंद करते. शांतता कोणाची, हे ती बघत नाही. नोंदणाऱ्यानं आवृत्ती, पायऱ्या, स्क्रीनशॉट सगळं दिलेलं असतं. आणखी दोघांनी 'आमच्याकडेही असंच होतं' म्हणून दुजोरा दिलेला असतो. आता बोलायचं असतं ते फक्त मेंटेनरनं. तो बोलत नाही. साठ दिवस उलटतात, आणि परिणाम भोगतो तो विचारणारा.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला अर्धा र आपण वेगळ्या आकारात लिहितो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरदऱ्या यांच्याइतका फरक आहे. युनिकोडमध्ये हा र लिहिण्यासाठी नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य किंवा ह असा क्रम ठरलेला आहे. फॉन्टनं आणि अक्षरं मांडणाऱ्या प्रोग्रामनं तो ओळखला नाही तर पडद्यावर ऱ, त्याच्या पायाशी लोंबता हलन्त आणि शेजारी सुटा य असं काहीतरी उमटतं. एका एडिटरच्या प्रकल्पात मी हीच अडचण नोंदली होती. फॉन्टचं नाव, आवृत्ती, कोणत्या कळा कोणत्या क्रमानं दाबल्या, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, सगळं लिहिलं. आणखी एका वापरणाऱ्यानं दुजोरा दिला. मेंटेनरांपैकी कोणी आलं नाही, बॉट मात्र आला. 'अजूनही तसंच आहे' असं मी लिहिलं की घड्याळ पुन्हा शून्यावर जायचं आणि दोन महिन्यांनी तीच सूचना पुन्हा यायची. एकदा ती सूचना नजरेतून निसटली आणि नोंद बंद झाली. काही काळानं तिला कुलूपही लागलं, म्हणजे तिच्याखाली आता कोणी एक शब्द लिहू शकत नाही. त्या प्रोग्रामात 'दऱ्या' अजून तसाच मोडका दिसतो.

'गरज असेल तो पुन्हा उघडेल' हे म्हणणंही तपासून घ्यावं लागेल. गिटहबवर आपला इश्यू आपण स्वतः बंद केला असेल तर आपल्याला तो पुन्हा उघडता येतो. प्रकल्पाचे अधिकार असलेल्या कोणी, म्हणजेच बॉटनंही, बंद केला असेल तर साध्या वापरणाऱ्याला ते बटणच मिळत नाही. शिवाय इश्यूंचं पान उघडलं की आधी फक्त उघडे इश्यू दिसतात. त्यामुळे तीच अडचण घेऊन आलेला पुढचा माणूस बंद नोंद न पाहताच नवी नोंद करतो, आधीची माहिती, दुजोरे, अर्धवट शोधलेली कारणं सगळी मागे राहतात आणि चर्चा पहिल्या पायरीपासून सुरू होते. यादी आटोपशीर करायला निघालेल्या उपायानं यादीत दुबार नोंदी वाढतात.

याहून मोठा दोष असा की बॉटला महत्त्व मोजता येत नाही, त्याला गलका मोजता येतो. लाखो लोक वापरतात त्या सोयीच्या इश्यूखाली रोज कोणी ना कोणी 'मलाही' लिहितं. तो कधीच साठ दिवस गप्प राहत नाही. मराठी मजकूर टाइप करणाऱ्या, त्यातही ऱ्य बिघडलेला दिसल्यावर तक्रार कुठे आणि कशी करायची हे माहीत असलेल्या, त्यातही इंग्रजीत ती मांडू शकणाऱ्या माणसांची संख्या किती असणार? अशा नोंदीला दुजोरा देणारा वर्षातून एखादाच यायचा. ज्या भाषांचं, ज्या अपंगत्वाचं, ज्या जुन्या संगणकाचं काम करणारे मुळातच थोडे, त्यांच्याच नोंदी या पद्धतीत सगळ्यांत आधी गळतात. कोणी ठरवून केलेलं नसलं तरी हा अन्यायच आहे. यादी स्वच्छ झाली म्हणून समाधान मानणाऱ्यांनी ती कोणाच्या जिवावर स्वच्छ झाली हे एकदा नोंदी उघडून बघावं.

जुनं म्हणजे निकामी, हेही खरं नाही. जीटीके हे लिनक्सवरच्या कितीतरी प्रोग्रामांच्या खिडक्या आणि बटणं उभी करणारं टूलकिट. त्याच्या फाइल निवडण्याच्या चौकटीत चित्रांची छोटी रूपं जाळीसारखी मांडलेली दिसावीत, अशी मागणी २००४ साली नोंदली गेली. फोल्डरभर फोटोंतून एक अपलोड करायचा असताना नुसती कॅमेऱ्यानं दिलेली नावं आणि आकडे वाचत बसावं लागलेल्या कोणालाही ती का हवी होती ते सांगायला नको. वर्षं गेली. जीटीके ज्याचा भाग आहे त्या ग्नोम प्रकल्पानं २०१८ साली नोंदींसाठी बगझिला सोडून गिटलॅब घेतलं, तेव्हा ही नोंदही सोबत आणली. दरम्यान जीटीके ४ मध्ये याद्या आणि जाळ्या दाखवणारे नवे विजेट आले आणि जे आधी फार अवघड होतं ते हाताशी आलं. २०२२ च्या अखेरीस ते काम मुख्य कोडमध्ये गेलं आणि मार्च २०२३ मध्ये ग्नोम ४४ सोबत लोकांपर्यंत पोचलं. अठरा वर्षं लागली. तेवढा उशीर का झाला यावर टीका जरूर व्हावी. पण त्या अठरा वर्षांत मागणी लागू नव्हती, असं कोण म्हणेल?

एखादी नोंद उघडी असण्याचा उपयोग ती सुटण्यापुरताच असतो असंही नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फॉरेन कीमुळे एखादी रांग आपोआप बदलली किंवा पुसली गेली तर तिच्यावरचा ट्रिगर चालत नाही, हा बग २००५ साली नोंदला गेला आणि वर्षानुवर्षं उघडा राहिला. लोक त्याच्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहू लागले. पण त्या सगळ्या काळात डेटाबेसची रचना करणाऱ्याला त्या नोंदीनं एक खरी गोष्ट सांगितली: इथे ट्रिगरवर विसंबू नका, हिशेबाची नोंद दुसरीकडे ठेवा. ती नोंद दिसेनाशी झाली असती तर हे ज्याला त्याला आपलाच डेटा बिघडल्यावर कळलं असतं. उधारीची वही फाडली म्हणून उधारी फिटत नाही, आणि वही जाग्यावर असली तर निदान नवं गिऱ्हाईक फसत नाही.

आता 'मग दुसरं काय करायचं' या प्रश्नाकडे येतो. याचं सगळ्यांत भक्कम उत्तर डेबियन या लिनक्स वितरणाकडे आहे आणि ते तीन दशकांच्या वापरातून घडलेलं आहे. १९९७ साली डेबियननं आपला सामाजिक करार जाहीर केला. त्यातल्या एका कलमात अडचणी लपवणार नाही आणि बगची सगळी नोंद कायम लोकांसाठी उघडी ठेवू, असं वचन आहे. नोंदींचे क्रमांक आता दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. बंद झालेली नोंदही तिच्या क्रमांकावर सापडते. प्रत्येक बगला गांभीर्याची पायरी असते आणि वरच्या तीन पायऱ्यांतले बग रिलीज अडवू शकतात.  ज्या पॅकेजातले असे बग सुटत नाहीत ते सहसा पुढच्या आवृत्तीतून वगळलं जातं. वगळलं गेलं आणि का वगळलं गेलं, हेही नोंदीतच राहतं.

माझ्या मते डेबियनची खरी कमाई याच्याही पुढची आहे. तिथे 'हे काम करायला माणूस नाही' ही गोष्टसुद्धा बग म्हणून नोंदतात. त्यासाठी स्वतंत्र सदर आहे. एखाद्या पॅकेजचा सांभाळ करणारा बाजूला झाला तर ते अनाथ म्हणून तिथे येतं. तो अजून आहे पण सोडू इच्छितो, तर 'कोणी दत्तक घ्या' अशी नोंद होते. सोडायचं नाही पण झेपत नाही, तर 'मदत हवी' अशी. हे तीन प्रकार वेगळे ठेवले आहेत, कारण त्यांना लागणारं उत्तर वेगळं आहे. मदत हवी असलेल्याकडे जाऊन कोणी त्याचं कामच काढून घेऊ नये, आणि अनाथ पॅकेज बघून पुढच्यानं परवानगीची वाट बघत बसू नये. कोणत्याही दिवशी, जगातल्या कोणालाही ही यादी वाचता येते. आपण वापरतो त्या पॅकेजाला वाली आहे का, हे त्याला कळतं.

आणि सांभाळणारा काहीच न बोलता गायब झाला तर? त्यासाठी २०१८ पासून एक रीतसर वाट आहे. पॅकेज दुर्लक्षित पडलेलं दिसलं की इच्छुक माणूस ते वाचवण्याचा इरादा बग म्हणून नोंदतो. मूळ सांभाळणाऱ्याला २१ दिवस मिळतात. त्यानं 'नको, मी बघतोय' असं म्हटलं की विषय तिथेच थांबतो. तो बोलला नाही तर नवा माणूस पॅकेज अपलोड करतो, पण तेही लगेच लागू होत नाही, किमान ७ दिवसांच्या रांगेत थांबतं, म्हणजे उशिरा जागा झालेल्यालाही संधी राहते.

हे दिवस त्या ६० आणि ७ दिवसांशेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे घड्याळ आहे, दोन्हीकडे मुदत आहे, दोन्हीकडे 'कोणी बोलत नाही' ही एकच परिस्थिती आहे. डेबियनचं घड्याळ ज्याच्या हातात काम आहे त्याच्यासाठी चालतं आणि मुदत संपली की काम करणारा बदलतो. बॉटचं घड्याळ ज्यानं अडचण सांगितली त्याच्याविरुद्ध चालतं आणि मुदत संपली की अडचणीची नोंद जाते. आमचं भांडण एवढ्याच गोष्टीवर आहे. डेबियनमध्येही वर्षानुवर्षं कोणी न उघडलेले बग आहेत, तिथली ईमेलवर चालणारी पद्धत नव्या माणसाला जड जाते, आणि ती सुधारायला हवी. तरी तिथे उत्तर न मिळालेला माणूस आपली नोंद जिवंत आहे एवढं तरी जाणून असतो.

यावर 'डेबियनचं डेबियनपाशी, आमचा पसारा फार मोठा आहे' असं उत्तर येतं आणि पाठोपाठ कुबरनेटीस या अवाढव्य प्रकल्पाचं नाव येतं. ते नाव मलाही हवंच आहे. तिथला बॉट ९० दिवसांनी इश्यूला एक लेबल लावतो, आणखी ३० दिवसांनी दुसरं, आणि त्यानंतरच्या ३० दिवसांनी तो बंद करतो. आपल्या संदेशात तो सरळ सांगतो की सगळ्या इश्यूंकडे पुरेसं लक्ष देता येईल इतकी माणसं प्रकल्पाकडे नाहीत. या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, आणि तिथे नोंदणाऱ्याला एका आदेशानं इश्यू पुन्हा उघडताही येतो. पण त्याच प्रकल्पात याहून चांगली एक रीत आहे. जो इश्यू कोणीतरी तपासून 'हे काम खरं आहे' म्हणून स्वीकारला, तो वर्षभर पडून राहिला तर त्याचं स्वीकारलेपण काढून घेतात आणि त्याला पुन्हा तपासणीच्या रांगेत ठेवतात. म्हणजे वर्षभराच्या शांततेनंतर प्रश्न प्रकल्प स्वतःला विचारतो: हे अजून करायचं आहे का? हीच रीत न तपासलेल्या इश्यूंनाही लावायला काय हरकत आहे? माणसं कमी आहेत हे कबूल. पण माणसं कमी आहेत म्हणून कामही कमी आहे असं दाखवायचं, हे मला पटत नाही.

दुसरं उत्तर लिनक्स कर्नलच्या नावानं येतं. जगातला सगळ्यांत यशस्वी मुक्त प्रकल्प मेलिंग लिस्टवर चालतो, पॅचला उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवावा लागतो, सगळ्यांसाठी एक ट्रॅकर तिथे नाही, मग तुमचा नोंदींचा आग्रह कशाला? हे चित्र अर्धंच आहे. कर्नलच्या कोडसोबत मेंटेनर्स नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक भागापुढे तो कोण बघतं हे लिहिलेलं असतं आणि त्याची स्थितीही: हे काम पगारी माणूस बघतो, कोणीतरी सांभाळतं, अधूनमधून दुरुस्ती होते, अनाथ आहे, की कालबाह्य आहे. इतकी स्पष्ट कबुली अनेक छोट्या प्रकल्पांकडेही नसते. मेलिंग लिस्टचा सगळा जुना पत्रव्यवहार जाहीर आणि शोधता येण्याजोगा ठेवलेला आहे. आणि आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडता कामा नये, हा लिनस टॉरव्हाल्ड्सचा कडक दंडक नुसत्या मेलिंग लिस्टवर निभत नाही असं दिसलं, तेव्हा थॉर्स्टन लीमहुइस यांनी अशा मोडतोडीची वेगळी नोंद ठेवायला घेतली. त्यासाठी बॉट बांधला, आणि उरलेल्या तक्रारींचे अहवाल टॉरव्हाल्ड्सपर्यंत जातात. हाही बॉटच आहे. पण तो तक्रार विसरू नये म्हणून बांधलेला आहे. कर्नलचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा.

खरा अवघड मुद्दा पुढचा आहे, आणि तिथे मला घाई करायची नाही. उघड्या यादीचा भार माणसावर येतो. सकाळी उठून पाचशे उत्तर न दिलेल्या तक्रारी बघणं हा एक प्रकारचा छळ आहे. त्यात उंटावरून शेळ्या हाकणारे कमी नसतात: फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल 'अजून कसं झालं नाही' असं दरडावणारे. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात हाच भार हत्यारासारखा वापरला गेला. २०२२ साली त्या प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर काही अनोळखी नावांनी एकट्या मेंटेनरवर दडपण आणलं: पॅच पडून आहेत, रिलीज होत नाहीत, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. ती नावं बनावट असावीत असंच आज मानलं जातं. अधिकार मिळालेल्या 'मदतनिसा'नं पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो असा संशय आला, म्हणून ती सापडली.

तेव्हा राहिलेली कामं चव्हाट्यावर मांडणं म्हणजे मेंटेनरला लांडग्यांपुढे सोडणं, असा निष्कर्ष काहीजण काढतात. मी उलटा निष्कर्ष काढतो. त्या दडपणाला जोर आला तो संदिग्धतेमुळे. कोणती कामं घ्यायची नाहीत असं ठरलं आहे, कोणती घ्यायची आहेत पण माणूस नाही, आणि सांभाळणाऱ्यालाच मदत हवी आहे, हे तीन वेगळे कप्पे जाहीर असते तर 'काहीच होत नाही' या ओरड्याला उत्तर आधीच लिहिलेलं असतं. आणि ते वाचून कदाचित वेळेवर ओळखीचं, विश्वासाचं कोणी पुढे आलं असतं. एक्सझेडवर जगभरच्या लिनक्स वितरणांची भिस्त होती. ते एका दमलेल्या माणसाच्या खांद्यावर आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होतं.

मेंटेनरचा भार हलका करण्याचा मार्ग म्हणजे 'नाही' म्हणणं. जँगो या पायथन फ्रेमवर्कचा ट्रॅकर बघा. तिथे आलेलं तिकीट आधी 'न तपासलेलं' असतं. कोणीतरी पडताळून पाहिलं की 'स्वीकारलं' होतं. त्यानंतर त्याच्यावर खुणा असतात: पॅच आहे, टेस्ट हव्यात, दस्तऐवज हवेत, पॅच सुधारायला हवा. पॅच लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तो तपासला की 'आत घ्यायला तयार'. त्यामुळे कोणत्याही क्षणी पुढचं पाऊल कोणी टाकायचं हे तिकिटावरच वाचता येतं. आणि जे करायचं नाही ते 'वोन्टफिक्स' म्हणून बंद होतं. बंद करणारा सहसा कारण लिहितो, आणि ज्याला ते मान्य नाही त्यानं तिकीट परस्पर उघडायचं नसतं, चर्चेच्या ठिकाणी जाऊन इतरांचं मत वळवायचं असतं. मला हा नकार बॉटच्या मौनापेक्षा हजारपट बरा वाटतो. नकार मिळालेला माणूस दुसरा मार्ग शोधतो, स्वतःचा पॅच सांभाळतो, दुसरं फ्रेमवर्क घेतो. बॉटनं वाटाण्याच्या अक्षता लावलेल्या माणसाला आपलं काय चुकलं तेच कळत नाही, कारण त्याचं काही चुकलेलंच नसतं. हेही सांगायला हवं की जँगोत ही निगा आपोआप होत नाही. तिकिटं तपासणं, पॅच वाचणं यासाठी त्यांच्या फाउंडेशननं २०१४ पासून पगारी 'फेलो' नेमले. नोंदी सांभाळणं हे कामच आहे आणि त्याला पैसे मोजावे लागतात, हे ज्या कंपन्या फुकटच्या कोडवर धंदा करतात त्यांनी ऐकावं.

यादी लांब दिसली की प्रकल्पाची अब्रू जाते, या भीतीबद्दल थोडंच. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या हार्टब्लीड नावाच्या बगनं २०१४ च्या एप्रिलमध्ये जग हादरलं. त्यानंतर तीनेक महिन्यांत ओपनएसएसएलनं आपल्या अडचणींचं टिपण जाहीर केलं, आणि त्यात वर्षानुवर्षं साचलेल्या तिकिटांची थप्पी, अपुरे दस्तऐवज, कोड तपासणीचा अभाव हे सगळं स्वतःहून लिहिलं. हार्टब्लीड त्या थप्पीत नव्हता. पण घराची अवस्था त्या थप्पीत दिसत होती. हार्टब्लीडनंतर त्या प्रकल्पात माणसं आणि पैसा येऊ लागला, आणि ती थप्पी जाहीर केल्यानं तो ओघ थांबला नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना या वादाचं सोयरसुतक काय, असं वाटू शकतं. आहे, आणि थेट आहे. ग्नोमच्या भाषांतरांचं कामकाज 'डॅम्ड लाइज' नावाच्या साइटवर चालतं. मराठीची कोणतीही फाइल तिथे कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं: कोणी भाषांतरासाठी राखून ठेवली आहे, भाषांतर झालं आहे, मुद्रितशोधन चाललं आहे, आत घ्यायची बाकी आहे. राखून ठेवणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसते, त्यामुळे बरेच दिवस काही हललं नाही तर दुसरा माणूस सभ्यपणे विचारू शकतो की तुम्ही करताय ना, की मी घेऊ. फाइलच्या आतही हीच शिस्त आहे. समजा, मूळ इंग्रजी वाक्यात 'सिलेक्टेड फाइल' होतं आणि कोणीतरी ते 'सिलेक्टेड फाइल्स' केलं. आपलं 'निवडलेली फाइल नष्ट करा' हे आता चूक झालं. भाषांतराच्या फायली सांभाळणारं गेटटेक्स्ट ते पुसत नाही. ते जागच्या जागी ठेवून त्यावर 'फझी' अशी खूण करतं: जुनं भाषांतर हे होतं, मूळ बदललं आहे, माणसानं एकदा बघावं. तोवर वापरणाऱ्याला इंग्रजी वाक्य दिसतं, चुकीचं मराठी दिसत नाही. भाषांतरकार फाइल उघडतो, फझी खुणांवरून उड्या मारत जातो, 'फाइल'च्या जागी 'फायली' करतो, 'निवडलेली'चं 'निवडलेल्या' करतो आणि खूण काढतो. आधीच्या माणसाची मेहनत वाया जात नाही आणि काम संपल्याचा खोटा देखावाही होत नाही. थोड्या हातांवर चाललेल्या भाषेसाठी याहून मोलाची व्यवस्था मला माहीत नाही.

पुण्या-नागपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुलं गूगलच्या समर ऑफ कोड या उपक्रमाच्या हंगामात प्रकल्पांच्या इश्यूंखाली 'कृपया मला असाइन करा' असं लिहीत सुटतात, म्हणून त्यांच्यावर फार टीका होते. त्यांतली काही नाव लावून गायब होतात, हे खरं. पण त्या मुलांच्या आसपास ओपन सोर्समधलं कोणी नसतं, मेंटेनर दुसऱ्या खंडात झोपलेला असतो, आणि आत शिरायचं दार म्हणजे ती यादी. लिबरऑफिसनं ते दार नीट बांधलं आहे. त्यांच्या 'ईझी हॅक' नोंदींत काम किती अवघड आहे, कोणतं कौशल्य लागेल आणि कोडमध्ये नेमकं कुठे बघायचं हे लिहिलेलं असतं. जिथे असं लिहिलेलं नसतं तिथे मुलांनी अंदाजानं हात वर केले तर दोष त्यांना का द्यायचा?

बॉटवर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. नोंदणाऱ्याला काही विचारलं आणि तो परत आलाच नाही, तर ती नोंद काही काळानं बंद होणं रास्त आहे. फेडोरा हे लिनक्स वितरण आपली एखादी आवृत्ती निवृत्त होताना तिच्यावरचे बग आधी कळवून बंद करतं, आणि अडचण पुढच्या आवृत्तीतही असेल तर आवृत्तीचा रकाना बदलून ती चालू ठेवता येते. तेही समजण्यासारखं आहे, कारण तिथे कारण सांगितलेलं असतं. गिटहबच्या त्या ॲक्शनमध्ये हे सगळं करायची सोय आहे. 'ओन्ली-लेबल्स' या सेटिंगमध्ये 'माहिती हवी' हे लेबल दिलं की बॉट फक्त तेवढ्याच नोंदींना हात लावतो. 'डेज-बिफोर-क्लोज'ची किंमत उणे १ ठेवली की तो खूण करतो पण बंद करत नाही. ज्या प्रकल्पांनी तो मूळ सेटिंगवर लावून दिला आहे त्यांनी एवढे दोन बदल करावेत. मग बॉटनं आजवर बंद केलेल्या नोंदी काढाव्यात, आणि ज्यांच्यात माणसाचा शेवटचा शब्द नोंदणाऱ्याचाच होता त्या सगळ्या पुन्हा उघडाव्यात.